पाचोळ्यातली तिसरी पावलं

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइडवर जे दिसत नाही, ते मी रिपोर्टमध्ये लिहीत नाही. त्यात माहेर नागपूरचं, बौद्ध, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं. बाबा सायन्सचे मास्तर. गावोगावी जाऊन बुवांचे चमत्कार उघडे पाडायचे. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरी फक्त हसायला असत. तुम्हीही हसा, पण आधी पूर्ण वाचा!

२००५ चा ऑक्टोबर, साउथहॅम्प्टन. आई जाऊन सात महिने झाले होते. बाबांना मी हट्टानं व्हिजिटर व्हिसावर इथे आणलं होतं, आणि तिसऱ्याच आठवड्यात ते म्हणाले, "सुजू, माझं तिकीट बदलून दे न. जातो मी."

मी घाबरले. नागपूरच्या त्या रिकाम्या घरात ते दोन-दोन दिवस जेवत नव्हते, हे शेजारच्या काकूंनी मला फोनवर सांगितलं होतं. एकदा परत गेले की संपलंच... "सोमवारी एजंटला विचारते," म्हणून मी वेळ मारून नेली.

रविवारी सकाळी दहाला त्यांना पार्कात नेलं. आणि काय सांगू! दोन्ही बाजूंना बीच नावाची उंच झाडं — हळदी, तांबूस, मधूनच लालभडक — आणि वाटेवर घोटाभर कोरडा पाचोळा. वारा नाही, माणूस नाही. बाबा नेहमीप्रमाणे दहा पावलं पुढे. आयुष्यभर असेच चालले. मागून आईचं ठरलेलं असायचं, "अहो, हळू चाला न, माझा गुडघा!"

मी पळत त्यांना गाठलं... आणि मला ऐकू आलं. आमच्या मागे कुणीतरी चालत होतं. एक पाऊल नीट, दुसरं घासत. वळून पाहिलं — कुणी नाही. कुत्रंसुद्धा नाही.

"बाबा, थांबा!"

आम्ही थांबलो. ती पावलं आणखी दोनदा वाजली, मग थांबली.

बाबांचे डोळे असे चमकले! सात महिन्यांत पहिल्यांदा. "इको असेल," ते म्हणाले.

"इको पाय घासत येतो का, बाबा?"

"मग तपासू न!"

त्यांनी बोट ओलं करून वारा पाहिला. मला एका झाडाखाली उभं केलं आणि एकटेच चालायला लागले. मी डोळे फाडून बघत होते. त्यांच्या मागे, तीन-चार हातांवर, पानं दबत होती! एकेक करून! खरं तर भीती वाटायला हवी होती, पण मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. बाबा भरभर चालले, तशी ती पावलं मागे पडली.

मग बाबा थांबले. मागे न बघता बराच वेळ उभे राहिले, आणि पुन्हा चालायला लागले ते हळू, अगदी हळू. मी त्यांना असं चालताना कधीच पाहिलं नव्हतं. घासणारं पाऊल जवळ आलं, त्यांच्या डाव्या हाताला आलं, आणि दोघांची पावलं बरोबर पडू लागली. पुढे डांबरी रस्त्याशी पाचोळा संपला, तिथे आवाजही संपला.

मी धावत गेले. बाबांचे गाल ओले होते.

"कोणाचं नाव घेऊ नको. पुरावा नाही आपल्यापाशी," ते म्हणाले. आणि लगेच, "पण अजून एकदा जाऊ न?"

आम्ही चार फेऱ्या मारल्या. चारही वेळा ऐकलं! त्या संध्याकाळी बाबांनी पोळी मागून घेतली, आणि तिकिटाचा विषयसुद्धा काढला नाही.

कारण? पानांखाली पळणाऱ्या खारी, पोकळ जमीन, दोघांना एकदम झालेला भास — आजवर सगळं तपासून झालं. एकही बसत नाही.

सोमवारी सकाळी बाबा घरात नव्हते. मी पार्कात धावले. कौन्सिलचा माणूस पानं उडवायचा ब्लोअर घेऊन वाट साफ करायला आला होता, आणि माझे बाबा दोन्ही हात आडवे करून त्याच्यासमोर उभे होते.

"प्लीज, सर," ते सांगत होते, "टू मिनिट्स. माय मिसेस इज वॉकिंग."