डिअर सुमी, आय ॲम फाइन

सुमे, एस.टी.च्या थांब्यावर तू तांबडी कोंबडी काखेत घेऊन उभी होतीस, हे तुला आठवतं का? काकी तुला ओरडत होती, "कोंबडी कशाक हाडलंस गो?" आणि तू शांतपणे म्हणालीस, "तिकाय शालूताईक बघूचा हा." मी नऊ वर्षांची, तू सात. आईच्या हातात पत्र्याची ट्रंक, बाबांच्या खांद्यावर वळकटी. आम्ही तिघं घाटकोपरला निघालो होतो. तुला काका-काकीकडे ठेवायचं ठरलं होतं, कारण घाटकोपरच्या इंग्लिश शाळेत बाबांना एवढ्या खटपटीनंतर एकीचाच प्रवेश मिळाला होता. "पुढच्या वर्सा सुमीक हाडूया," बाबा म्हणाले होते. तू मान डोलावली होतीस.

एस.टी. थांबली, आम्ही चढलो, आणि तुझी ती अवदसा कोंबडी तुझ्या काखेतून सुटून सरळ गाडीत! काय तो गोंधळ! कंडक्टर ओरडतोय, "अहो, तिकीट कोण काढणार हिचं?" एक म्हातारे पाय वर घेऊन बसले, सगळी गाडी हसतेय. तू मागून चढलीस, माझ्या सीटखाली वाकलीस, तांबडीला धरलंस आणि तिला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसलीस. खिडकीतून पुढे रस्त्याकडे बघायला लागलीस, जणू तुझंही तिकीट काढलेलं आहे.

"सुमे, उतर," बाबा म्हणाले.

तू उतरलीस. रडली नाहीस. गाडी सुटल्यावर मी मागच्या काचेतून बघत होते, पण धुरळ्यात मला फक्त काकी दिसली.

घाटकोपरच्या भटवाडीतली आमची खोली तू नंतर कधी बघितलीच नाहीस, म्हणून सांगते. टेकडीच्या पोटात, पायऱ्या चढून वर. एक खोली, तिच्यातच मोरी, बाहेर सामाईक नळ. गिरणीच्या संपात बाबांची नोकरी गेली होती, त्यानंतर ते औषधाच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. तिथे त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. ज्याला इंग्लिश येतं तो खुर्चीत बसतो, बाकीचे उभे. त्यांनी मला खुर्चीत बसवायचं ठरवलं होतं. यात त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

चुकलं ते वेगळंच. शाळेच्या पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी बाबांना सांगितलं, मुलगी मागे आहे, घरी फक्त इंग्लिशमध्ये बोला. दुसऱ्या कुणी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं असतं. चाळीतल्या बाकीच्यांनी तेच केलं. पण आपले बाबा! शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. त्याच संध्याकाळी त्यांनी फर्मान काढलं, "उद्यापासून शालूवांगडा बोलताना मालवणी बंद. मराठी पण बंद. फक्त इंग्लिश."

आई पोळपाटावरून मान वर करून म्हणाली, "मगे मी काय बोलू? मुकी ऱ्हवू?"

आणि सुमे, ती खरंच मुकी राहिली. आपली आई! जी गावाला कोंबड्यांशी बोलायची, उतू जाणाऱ्या पेजेला शिव्या घालायची, पाणंदीतून जाणाऱ्या माणसाला थांबवून त्याच्या म्हशीची चौकशी करायची, ती बाई माझ्यासमोर तोंड मिटून बसायला लागली. बाबांनी तिला कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सहा वाक्यं देवनागरीत लिहून दिली होती. कम. सिट. ईट. वॉश हँड्स. होमवर्क फिनिश? गुड नाइट. एवढ्यात तिने मला जवळजवळ सहा महिने वाढवलं.

सगळ्यात वाईट काय होतं, सांगू? एके दिवशी शाळेतून परत येताना मला नळावर तिचा आवाज ऐकू आला. शेजारच्या सावंतमावशीबरोबर खो खो हसत ती काहीतरी गजाली सांगत होती, अगदी गावाकडच्यासारखी. मी पळत गेले. मला बघितलं आणि ती गप्प झाली. हसू तसंच तोंडावर, पण आवाज बंद. मग म्हणाली, "कम." मी तिच्यामागून पायऱ्या चढले. मला तेव्हा वाटलं होतं, आईला मी नकोशी झालेय.

शाळेतही माझी वाटच लागली होती. मिस काय बोलते ते कळायचं नाही आणि कळलं तरी तोंड उघडायचं नाही. पोरी आपसात फाडफाड बोलायच्या, मी डब्यातला भात खाली मान घालून संपवायचे. घरी गप्प, शाळेत गप्प. कधीकधी पायऱ्यांवर एकटी असताना मी तुझं नाव मोठ्याने म्हणायचे, नुसतं आवाज निघतो का ते बघायला.

आणि मग ती पत्रं. दर रविवारी दुपारी बाबा आंतरदेशीय पत्र माझ्यापुढे ठेवायचे. "सुमीक लिही. इंग्लिशमधून. प्रॅक्टिस होता." पत्रलेखनाचं एक पुस्तक त्यांनी रस्त्यावरून आणलं होतं, त्यातून मी उतरवून काढायचे. डिअर सुमी, आय ॲम फाइन अँड होप यू आर द सेम. बॉम्बे इज अ बिग सिटी. अर्थ मला निम्मा कळायचा. तुला तर अक्षरही कळणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि बाबांनाही ठाऊक असणार, पण ते म्हणायचे, गुरुजी वाचून दाखवतील तिला, तिचाही कान तयार होईल, पुढच्या वर्षी यायचंच आहे तिला.

तुझी पहिली दोन उत्तरं आली, काकाच्या हातची. तांबडीने अंडी घातली, काकीचा पाय मुरगळला, तू कधी येतंस. तिसऱ्या पत्रानंतर तुझ्याकडून काही आलंच नाही. मी फाइन आहे हे मी तुला कळवत राहिले, दर रविवारी.

डिसेंबरमध्ये शाळेत ओपन डे होता. बाबांना सुट्टी मिळाली नाही म्हणून आई आली. ठेवणीतली हिरवी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. आमच्या वर्गाच्या फर्नांडिस मिस म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, प्लीज सिट." आई बसली नाही. हात जोडून उभी राहिली आणि तिने पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. "कम. सिट. ईट. वॉश हँड्स. होमवर्क फिनिश. गुड नाइट." सकाळचे दहा वाजले होते. मागे कुणीतरी हसलं, मग चार जणं हसली. मी काय केलं माहितेय? मी खिडकीकडे सरकले, जणू ही बाई माझी कुणी नाहीच. त्याची लाज मला अजून वाटते.

मिस हसल्या नाहीत. त्या सांताक्रूझजवळच्या कलिन्याच्या, मूळच्या मुंबईच्याच ख्रिस्ती कुटुंबातल्या, फ्रॉक घालायच्या आणि घरी आपली जुनी मराठी बोलायच्या. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. त्या उठल्या, आईचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "भिऊ नको गो बाय. घरा पोरीशी काय बोलतेस?"

आईचे डोळे भरून आले. "माका इतक्याच येता, मिस. ह्या सा वाक्यांच्या भायर मी माझ्या चेडवाशी काय्येक बोलाक नाय, जूनपासून."

मिसनी आपली खुर्ची आईजवळ ओढली. मग म्हणाल्या, "पोरीच्या मनात सांगायला काय असंल तर ती इंग्लिशमधून सांगंल ना! घरात कोण बोलतच नाय तर ती इथं येऊन सांगणार काय, कप्पाळ? तू तुझं बोल. भरपूर बोल. इंग्लिशचं मी बघते."

त्यांनी एक वेगळीच पद्धत काढली. शनिवारी शाळा अर्धा दिवस. सुटायच्या आधीच्या तासाला इंग्लिश न येणाऱ्या आयांना त्या वर्गात बोलवायला लागल्या. आईने आपल्या भाषेत काहीतरी सांगायचं, मुलीने ते वर्गाला इंग्लिशमधून सांगायचं, अडलं की मिस फळ्यावर शब्द लिहून द्यायच्या. पहिल्या शनिवारी एक गुजराती आई आली, दुसऱ्या शनिवारी आपली.

आईने काय सांगितलं असेल? तांबडीची गजाल! कोंबडी एस.टी.त कशी शिरली, कंडक्टर कसा तिकीट मागायला लागला, म्हातारे पाय वर घेऊन कसे बसले. हातवारे काय, कंडक्टरचा आवाज काय! सहा महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं. पोरींना शब्द कळत नव्हता, तरी त्या हसत होत्या. मी तिच्या शेजारी उभी राहून सांगत होते. द हेन केम इन द बस. द कंडक्टर सेड, हू विल बाय टिकेट? सगळा वर्ग खिदळला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, अरे, जमतंय की!

मग आई म्हणाली, "आणि मगे आमचा सुमी कोंबडी घेवन उतारला."

माय सिस्टर, मी म्हणाले. माय सिस्टर. मिसनी फळ्यावर लिहिलं, गॉट डाउन. शब्द समोर होते, सोपे होते. मला ते म्हणता येईनात. मी रडायला लागले, हुंदके देऊन, सगळ्या वर्गासमोर. जूनपासून मी रडले नव्हते. आईने मला पोटाशी धरलं आणि सगळ्या वर्गादेखत मालवणीत म्हणाली, "रड गो, रड माझ्या बाय." त्या दिवशी आई मला परत मिळाली.

मिसनी पुढच्या सोमवारी बाबांना बोलावून घेतलं. त्या मराठीत बोलत होत्या आणि बाबा बिचारे इंग्लिशमध्ये उत्तरं देत होते, येस मिस, नो मिस. शेवटी म्हणाले, "पण मिस, मोठ्या बाईंनीच सांगितलेलं." मिस म्हणाल्या, "त्यांना मी सांगते." संध्याकाळी घरी आल्यावर बाबा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "बोला आता." आम्हा तिघांनाही काही सुचेना. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मगे? आमटी वाढू काय?" आणि आम्ही इतके हसलो की सावंतमावशी दारात येऊन बघून गेली.

त्या रविवारी बाबांनी कोरं पत्र पुढे ठेवलं. "सुमीक लिही. आपल्या भाषेत लिही." मी पेन घेऊन बसले. सुमे, मला लिहिता आलं नाही. इतके दिवस फाइन, फाइन कळवून आता काय लिहायचं? की मी खोटं लिहीत होते? की मला तू हवी आहेस? मला शरम वाटली. म्हटलं, मे महिन्यात जाणारच आहोत, तुला आणायलाच जाणार आहोत, तेव्हा तोंडानेच सांगेन. पत्र मी पुस्तकात ठेवून दिलं.

मे महिन्यात आम्ही आलो. तू ओसरीवर उभी होतीस, वेणी घालून, धुतलेला फ्रॉक घालून. मी धावत येणार, तेवढ्यात तू हात पाठीमागे बांधलेस आणि पाठ केलेलं म्हटलंस, "गुड आफ्टरनून सिस्टर. हाऊ आर यू?"

गुरुजींकडून शिकली होतीस. काकी नंतर आईला म्हणाली, महिनाभर रोज घोकत होती पोर, ताईक आता इंग्लिशशिवाय काय समजणा नाय म्हणान. मी एका बाजूला उभी राहून ते ऐकलं.

पण ते नंतर. त्या क्षणी तू विचारलंस आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आय ॲम फाइन, थँक यू." एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं. तू मान डोलावलीस आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलंस, तांब्याभांडं, पाहुण्यांचं.

पंधरा दिवस मी तुझ्या मागे मागे फिरले, मालवणीत बोलले, तांबडीला दाणे टाकले. तू हो-ला-हो करायचीस. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी तुझी पिशवी भरायला काढली तेव्हा तू काकीच्या मागे जाऊन उभी राहिलीस. "मी येवचंय नाय. माका थयसरली भाषा येणा नाय." बाबांनी समजावलं, आईने समजावलं. मी काही बोलले नाही. मला वाटत होतं, आता कोणत्या तोंडाने बोलू? थांब्यावर तू आली नाहीस. एस.टी.त माझ्या शेजारची सीट कणकवलीपर्यंत रिकामी होती.

आज मी मुलुंडला राहते, शाळेत शिकवते. दर जूनला कुणीतरी आई-बाप वर्गाच्या दारात येऊन चाचरत विचारतात, मिस, घरी इंग्लिशच बोलू ना? मी त्यांना खुर्चीत बसवते आणि सांगते, तुमचं बोला, भरपूर बोला, इंग्लिशचं मी बघते. बाबा गेल्यापासून आई तुझ्याकडे गावाला आहे. तिचा फोन येतो तेव्हा ती अर्धा तास थांबत नाही, आणि मागे तुझा आवाज ऐकू येतो, कुणालातरी ओरडत असतेस. मी फोन कानाला घट्ट लावून धरते. माझं घर म्हणजे आता तो मागचा आवाज. मग आई विचारते, "सुमीक देवू काय?" आणि तू फोनवर येऊन म्हणतेस, "काय ताई, बरी मां?" आणि मी म्हणते, "हो गं, मजेत."

चाळीस वर्षं झाली, सुमे. तू ओसरीवर उभं राहून, महिनाभर घोकून, मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं खरं उत्तर मी दिलंच नाही. आता देतंय. माका थय करमाक नाय गो. तुझ्याशिवाय एकय दिवस करमाक नाय.