पूर्ण नाव, जन्मतारीख

आमच्या घरात त्यांना सगळ्या सिस्टर म्हणायच्या. घर म्हणजे चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि शिकायला परदेशी आलेल्या आम्ही सात जणी. मी पंचवीस वर्षांची, सिस्टर एक्केचाळीसच्या, आणि खोली एकच. आल्या दिवशीच त्यांनी माझ्या पलंगाची चादर ओढून, कोपरे दुमडून दवाखान्यातल्यासारखी ताठ करून टाकली. मला राग आला. मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. "माझ्या चादरीला हात लावायचा नाही," असं मी सुनावलं. "बरं बाई," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

सतरा वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात काढली होती. पण तिकडचं सर्टिफिकेट इथं चालत नाही, म्हणून नोकरी सोडून वर्षभराच्या कोर्सला आल्या. मुलगी दोन वर्षांची असतानाच नवरा वारला. मुलगी आता अकराची, मावशीकडे राहत होती. सिस्टर परीक्षा पास झाल्या की इथं नोकरी मिळणार आणि मुलीला आणता येणार. नापास झाल्या तर परत जायचं, आणि तिकडे नोकरीही उरली नव्हती. परीक्षेला बसायची संधी दोनदाच. मुलीला आणायचा अर्ज त्यांनी आल्या आल्याच भरून उशीखाली ठेवला होता.

पहिल्या परीक्षेहून त्या दुपारी परत आल्या आणि बूटही न काढता धुतलेले कपडे पुन्हा धुवायला बसल्या. तेव्हाच मी ओळखलं.

परीक्षा प्रात्यक्षिकाची. पलंगावर रबराची बाई झोपवलेली असते आणि तिच्या वतीनं परीक्षक उत्तरं देतात. सिस्टरांनी हात धुतले, बीपी घेतलं, ट्रे बिनचूक लावला, पाण्याचा पेला हाताशी ठेवला आणि गोळी दिली. तिथेच सगळं संपलं. गोळी देण्याआधी पेशंटला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची, मनगटावरची पट्टी बघायची आणि सगळं हातातल्या कागदाशी ताडून पाहायचं, असा इथला नियम. तो चुकला तर बाकी कितीही छान करा, नापास.

"तुम्हाला माहीत नव्हतं का?" मी विचारलं.

"पाठ होतं की."

"मग?"

"अगं, सकाळपासून तीच बाई झोपलीय तिथं. तिसऱ्यांदा गेले तिच्याजवळ. आता तिला काय नाव विचारायचं?"

मी कपाळाला हात लावला.

"शिवाय अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कागदावर लिहिलंय. एवढ्या मोठ्या बाईला तोंडावर नाव विचारायचं?"

"अहो, रबराची आहे ती!"

"असेना. वयानं मोठी आहे."

अशा माणसाशी काय बोलायचं, सांगा!

रविवारी त्यांनी मुलीला निकाल सांगितला. पोरगी म्हणाली, "तू दर वेळी पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणतेस. आता मला बोलवूच नकोस." त्यानंतर तिनं अबोला धरला. फोन मावशी घ्यायची, आणि मागे टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा केलेला ऐकू यायचा. सिस्टर तरी नेटानं दिवसभराचं सगळं मावशीला सांगायच्या. नाव विचारायचं, तारीख विचारायची, पट्टी बघायची, विसरलं की नापास, सगळं. त्या मुद्दाम जरा मोठ्यानं बोलायच्या. मला ते ऐकून फार वाईट वाटायचं.

दुसऱ्या परीक्षेला सहा आठवडे होते. मी म्हटलं, आता रबरी बाई मीच. मनगटाला कागदाची पट्टी चिकटवून मी पलंगावर आडवी झाले. सिस्टर ट्रे घेऊन आल्या, "काय, बरं वाटतंय ना?" म्हणाल्या आणि चॉकलेटची गोळी थेट माझ्या तोंडात घातली.

"नाव!" मी ओरडले.

"तुला रोज बघते गं मी!"

"बरं, मग सांगा, काय माझं पूर्ण नाव?"

सिस्टरांनी नुसतं पहिलं नाव सांगितलं. आठ महिने एका खोलीत राहतो, रोज माझी चादर ताठ करतात, आणि माझं आडनाव त्यांना येत नव्हतं. मी तावातावानं बोलणार होते, पण माझ्या लक्षात आलं, मला तर त्यांचं पहिलं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग हसू ओसरलं आणि त्या ट्रे मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "दहा दिवस जिची पाठ पुसली, तिला नाव विचारलं तर तिला वाटतं, सिस्टर मला ओळखतसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पलंगाच्या नंबरावरून सातच्या आजी, आठच्या आजी, असंच चालायचं."

"आणि चुकलं म्हणजे?"

त्यांनी ट्रे बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "एकदा दोघींनी पलंग बदलले होते. एकीला खिडकी हवी होती, दुसरीला वारा सोसत नव्हता. मला कुणी सांगितलं नाही. मी सातची गोळी आठच्या आजींच्या हातावर ठेवली. त्याच म्हणाल्या, सिस्टर, माझी गोळी पांढरी असते, ही नव्हे. त्या बोलल्या म्हणून वाचलो. त्यांना नीट दिसत नसतं, तर?" हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी उठून त्यांच्याजवळ बसले.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांनी उच्छाद मांडला. सकाळी चहाचा कप समोर धरायच्या आणि विचारायच्या, "पूर्ण नाव? जन्मतारीख?" ते सांगून मनगट दाखवल्याशिवाय चहा नाही. घरातल्या सगळ्या जणींचे वाढदिवस त्यांना पाठ झाले. मी चिडायचे, पण सांगायचे.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. आतलं त्यांनी नंतर सांगितलं. पलंगाशी गेल्यावर पहिल्यांदा तोंडातून आपसूक "आजी" निघालं. मग इथल्या भाषेत म्हणाल्या, "राग मानू नका, मी तुम्हाला ओळखते, तरी विचारावं लागतं." नाव विचारलं, ते जुळलं. तारीख विचारली, तीही जुळली. पट्टी बघितली, तर पट्टीवरचं जन्मसाल वेगळं! परीक्षकांनी मुद्दामच तसं ठेवलं होतं. सिस्टरांनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "खात्री झाल्याशिवाय ही गोळी मी देणार नाही."

चार वाजता निकाल लागला. पास! मी त्यांना मिठी मारली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. घरी येऊन त्यांनी उशीखालचा अर्ज काढला, समोर ठेवला आणि फोन लावला.

"ताई, तिला दे."

"येत नाही गं ती," मावशी म्हणाली. मागे टीव्ही चालूच होता.

"सांग, सरकारी काम आहे."

थोड्या वेळानं "हं" एवढंच ऐकू आलं.

सिस्टर ताठ बसल्या. "आपलं पूर्ण नाव सांगा."

"आई, हे काय गं?"

"पूर्ण नाव."

पोरीनं फणकाऱ्यानं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. सिस्टर अर्जावर एकेक शब्दाखालून बोट फिरवत होत्या.

"जन्मतारीख?"

तीही तिनं सांगितली, जरा हळू.

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "कागदावरची मुलगी हीच. हिला आता माझ्याकडे पाठवायचंय."

तिकडे टीव्ही बंद झाला.

"आई," पोरगी म्हणाली, "मनगटावरची पट्टी बघायची राहिली. अशानं नापास करतील तुला."

सिस्टरांनी तोंडावर पदर धरला. फोन मला घ्यावा लागला.