मुकुंदकाकांच्या ओठांवरचं ‘डॉक्टर’

आमच्या मुकुंदकाकांना आनंद झाला की तो अख्ख्या नारायणगुडा मोहल्ल्याला कळतो. त्यातून गेल्या वर्षी इंदुमावशीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, साठाव्या वर्षी पीएचडी मिळाली. मग तर विचारूच नका! मावशी अफझलगंजच्या वाचनालयात जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करत बसायची आणि बँकेतून रिटायर झालेले हे गृहस्थ बाहेर स्कूटरवर तिची वाट बघायचे. आत पंखे होते, वर्तमानपत्रं होती. पण ‘तिचं लक्ष उडेल’ म्हणून हे आपले उन्हात!

निकाल लागला त्याच आठवड्यात दारावर ‘डॉ. सौ. इंदू’ अशी पाटी लागली. गॅसवाला, इस्त्रीवाला, लिफ्टमधला परका माणूस, काकांनी कुणालाही सोडलं नाही. कोठीच्या बाजारात नारळ घेताना म्हणाले, "अच्छा देखके देओ भाई, मॅडम डॉक्टर हैं. पीएचडी!"

"नारियल कू क्या मालूम, साब?" नारळवाला म्हणाला. मी हसून रस्त्यात लोळायची तेवढी बाकी राहिले.

मावशी मात्र लाजेनं अर्धी व्हायची. सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्पासाठी नाव विचारलं आणि काका ‘डॉक्टर इंदू’ म्हणाले, तेव्हा तिचा पारा चढला. "अहो, डिग्री कॉलेजात शोभते, फार तर पुस्तकावर. देवापुढे कसली मिरवताय? ओंकारच्या लग्नात एकदा जरी तो शब्द काढलात, तर मी परत तुमच्याबरोबर कुठेही येणार नाही."

काकांनी कान पकडले. त्यांचं उतरलेलं तोंड बघून मला मावशीचा रागच आला. मान्य, जिथे तिथे पदवी मिरवू नये. पण माणसानं आनंद करायचा तरी कुठे?

ओंकार माझा धाकटा भाऊ. त्याच्या लग्नात नवरीच्या मामांनी माइक हातात घेतला आणि पाहुण्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. डॉक्टर गारू (तेलुगूतलं ‘साहेब’ हो!), प्रोफेसर गारू, पुन्हा डॉक्टर गारू, नुसती रांग! आणि शेवटी, "मुकुंदराव गारू, रिटायर्ड बँक मॅनेजर. अँड मिसेस."

मी काकांकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, कान लालबुंद. आता फुटणार, आता फुटणार! तर त्यांनी हातातला अख्खा बुंदीचा लाडू तोंडात कोंबला आणि मान खाली घातली. शब्द दिला होता ना! मावशी त्यांच्याकडेच बघत होती.

मग उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. एरवी हजार नखरे करणारी मावशी स्वतःहून उठली, पदर सावरला आणि मामांच्या हातातून माइक मागून घेतला.

"मी बसायचे वाचनालयात, हे थांबायचे उन्हात,
मुकुंदरावांचं नाव घेते डॉक्टर इंदू थाटात!"

हॉल दणाणला! मी तर खुर्चीवर चढून शिट्टी मारली. काका दोन्ही हात वर करून उभे राहिले, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मी बोललो नाही हां, इंदू! मी एक अक्षर बोललो नाही!"

"माहीत आहे मला," मावशी माइकवरूनच म्हणाली. "आता बोला."

आणि काकांच्या तोंडून शब्दच फुटेना.