एतेल्विनाला जडलेली कबुलीची सवय

एतेल्विना पाशेकोला पोलिसांनी तीन गाड्या घालून पकडून नेलं, तिच्या पिशवीत एका श्रीमंताघरची चांदीची भांडी निघाली, आणि आता सरकार तिला उचलून परत बेटावर टाकणार, ही बातमी जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी दहाला बेकरीत पोचली. साडेदहापर्यंत चांदीत सोनं मिसळलं. अकराच्या सुमाराला तिचा नवरा जिलसुद्धा त्यात सामील होता असं ठरलं. जिलला गुडघ्यांमुळे जिना उतरायलाच पाव तास लागतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

खरं तर गाडी एकच होती. पोलीसही एकच, आणि तोही एतेल्विनाच्या हातची गोड पावरोटी खाऊन वाढलेला. "मावशी, डोकं सांभाळा," म्हणत त्याने तिला मागच्या सीटवर बसवलं. पिशवीत निघाल्या त्या आठ फांद्या, हायड्रेंजिया नावाच्या निळ्या फुलझाडाच्या.

बातमीचं शेपूट मात्र अगदीच हवेत नव्हतं.

एतेल्विना पोर्तुगालच्या साव मिगेल बेटावरची. सदतिसाव्या वर्षी अमेरिकेत, फॉल रिव्हरला आली, शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं कॉलर शिवल्या, आणि आता सत्त्याहत्तरची आहे. म्हणजे चाळीस वर्षं झाली. जिल केव्हाच अमेरिकन नागरिक झाला. हिचा शपथेचा दिवस नेमका पवित्र आत्म्याच्या जत्रेच्या आदल्या दिवशी आला, आणि त्या वर्षी तीनशे पावरोट्यांचं पीठ मळायचं हिच्याकडे होतं. "पीठ थांबत नाही, अमेरिका थांबेल," म्हणून ही गेली नाही. अमेरिका थांबली, पण कागद गेला तो गेलाच. ग्रीन कार्ड होतंच, मग घाई कसली?

फांद्यांचं म्हणाल तर आमच्या बेटकरी बायकांचा पक्का समज आहे की मागून आणलेली फांदी मुळं धरत नाही. ती न सांगता आणावी लागते. शेजारणी एकमेकींच्या कुंपणातून फांद्या नेतात आणि जिची जाते ती खिडकीतून बघून न बघितल्यासारखं करते. हा आमच्यातला शिष्टाचार आहे. पण थर्लो नावाचे गृहस्थ बेटकरी नव्हते. नदीपलीकडच्या मोठ्या घरात राहणारे, त्यांनी खिडकीतून बघितलं आणि फोन उचलला. त्यांच्या कुंपणातला निळा रंग अगदी एतेल्विनाच्या बापाच्या शेताच्या बांधावरचा होता. बस थांब्यावर उभं राहून तिने तो तीन आठवडे न्याहाळला होता. चौथ्या आठवड्यात पिशवीत भाजी चिरायची सुरी घातली.

झुडूप दुर्मीळ जातीचं निघालं. थर्लोंच्या माळ्याने नुकसानीचा आकडा असा फुगवला की साधी चोरी राहिली बाजूला, मुद्दाम नासधूस केल्याचं मोठं कलम लागलं.

कोर्टाने वकील दिली ती लिडिया रापोझो, आमच्याच गल्लीतल्या एका आजीची नात. पहिल्याच दिवशी सरकारी वकिलाने तिला मांडवली सुचवली. बाईंनी घडलं ते कबूल करावं, सहा महिने सरळ वागावं, मग केस पुसली जाईल.

एतेल्विनाला हे फार आवडलं. कबूल करायचं, थोडं प्रायश्चित्त, मग पाटी कोरी. हेच तर ती दर शनिवारी चर्चमध्ये करते. तिच्या मागे रांगेत उभं राहायला कोणी तयार नसतं, कारण ही आठवड्याचे गुन्हे दिवसवार आणि तासवार सांगते.

"सही कुठे करू?" तिने विचारलं.

"कुठेच नाही," लिडिया म्हणाली. "मावशी, तुमचा पासपोर्ट कुठला?"

"आपला. पोर्तुगालचा."

"मग ऐका. इथल्या कोर्टात केस पुसली जाईल, पण तुम्ही 'हो' म्हणालात ते इमिग्रेशनच्या लेखी पुसलं जात नाही. त्यांच्या दृष्टीने तो गुन्हा शाबीत. देशात बसून राहिलात तर कदाचित कोणी काही विचारणारही नाही. पण एकदा का बेटावर गेलात, तर परत येताना विमानतळावर अडवतील. आत घेतीलच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

एतेल्विनाने सहीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. 

कारण बेटावर ओलिंडा होती, तिची थोरली बहीण, चौऱ्याऐंशीची. दर रविवारी दोघींचा फोन असतो. ओलिंडाच्या नजरेचा मधला भाग जात चालला होता. बाजूचं दिसायचं, समोरचं विझायचं. गेल्याच रविवारी ती म्हणाली होती, "सप्टेंबरात ये गं. अजून तुझं नाक आणि कान दिसतील. नाताळापर्यंत थांबलीस तर आवाजावरच भागवावं लागेल." तिकीट काढून झालं होतं.

म्हणजे 'हो' म्हटलं तर बहीण तरी सोडायची, नाहीतर घर आणि जिल पणाला लावायचे.

गल्लीला हे समजावणं लिडियाला जमलं नाही. खालच्या मजल्यावरची झुल्मीरा तर हात धुऊन मागे लागली. "अगं, एक शब्द बोलायचाय, बोलून मोकळी हो! आठ काटक्यांसाठी कोर्टात खेटे घालतेस? लोक काय म्हणतील?"

"लोक तूच की," एतेल्विना म्हणाली.

पण खरी अडचण वेगळीच होती. हिला गप्प बसता येत नव्हतं. काळ्या झग्यातला माणूस समोर बसला की तोंड आपोआप उघडायचं, अशी साठ वर्षांची सवय. लिडियाने तिला 'गुन्हा कबूल नाही' हे तीन शब्द घोकवले, तर ही विचारते, "पण ते खोटं नाही का?"

"त्याचा अर्थ 'तुम्ही सिद्ध करा' एवढाच, मावशी."

तिचं समाधान होईना, म्हणून ती पाद्र्यांकडे गेली. ते म्हणाले, "मला सांगितलंस ना? वरच्याला पोचलं. न्यायाधीश माझ्या खात्यात येत नाहीत. तिथे वकिलीणबाईंचं ऐक." आणि घाईघाईने पुढच्याला बोलावलं.

कोर्टाचा दिवस ऑगस्टमधला. एतेल्विना काळ्या झग्यासमोर उभी राहिली, ओठ असे मिटले होते की जणू आत पाणी धरलंय. दुभाष्याने प्रश्न विचारला. तिने तीन शब्द उच्चारले, चौथ्यासाठी श्वास घेतला, आणि लिडियाला इतका खोकला आला की न्यायाधीशांनी पाणी मागवलं.

मग बाहेर बाकावर थांबायचं होतं. समोरच्याच बाकावर थर्लो बसले होते. उंच, वाळलेले, शर्टाची कॉलर उसवलेली. एतेल्विनाची नजर त्या कॉलरीवरून हलेना.

"त्यांच्याशी बोलू नका हं," लिडिया कुजबुजली.

"मी कुठे बोलतेय?" असं म्हणत एतेल्विना आपल्या मोडक्या इंग्रजीत मोठ्याने बोलली, "साहेब, त्या झाडाला पाणी कधी घालता?"

थर्लो दचकले. "रोज दुपारी."

"दुपारी? रणरणत्या उन्हात? आणि छाटणी?"

"माळी करतो. मार्चमध्ये."

"अरे देवा! कळ्या गेल्या वर्षीच्या लाकडात असतात, त्याच तो कापून टाकतो. म्हणून अर्ध्या झाडाला फूल नाही. माळी आणि तुम्ही मिळून झाड मारताय आणि केस माझ्यावर!"

"मावशी," लिडिया म्हणाली.

"मी काही कबूल करत नाहीये गं. मी एवढंच म्हणते, ज्या कोणी बाईने त्या फांद्या नेल्या..." लिडियाची टाच तिच्या बुटावर आली. "ज्या कोणी माणसाने, बरं का, त्याने बिनफुलाच्याच नेल्या. फांदीच्या डोळ्याखाली तिरका काप दिला. त्याला झाडाचं कळत होतं."

थर्लो जमिनीकडे बघत म्हणाले, "ते माझ्या बायकोने लावलं होतं. ती गेल्यापासून फुलतच नाही नीट. मला वाटलं, तेवढं एक उरलंय, तेही लोक तोडून नेतात."

एतेल्विनाने तोंड उघडलं आणि या वेळी आपणहून मिटलं. पर्स उघडून तिने सुई-दोरा काढला, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांची उसवलेली कॉलर अंगावरच शिवायला घेतली. "मान हलवू नका, टोचेल," एवढंच म्हणाली. सरकारी वकील बाहेर आला तेव्हा फिर्यादी मान ताठ धरून बसला होता आणि आरोपी दाताने दोरा तोडत होती.

केस पुढे चालवायची नाही, असं थर्लोंनी त्याच आठवड्यात लिहून दिलं, आणि सरकारी वकिलाने ती मागे घेतली. कुठे 'हो' नाही, कुठे सही नाही. एतेल्विना आता बुधवारी सकाळी त्यांच्या झाडाला पाणी घालायला जाते. तिथे कॉफीही मिळते, म्हणून जिलला थोडा संशय आहे.

सप्टेंबरात ती बेटावर गेली. ओलिंडाने तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला उभी राहून, मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला बघितलं. चार आठवडे दोघी अशाच, एक समोर बघणारी आणि एक बाजूला. निघताना ओलिंडा म्हणाली, "म्हातारी झालीस की गं." एतेल्विना विमानात बसेपर्यंत रडली, कारण म्हणजे ओलिंडाला तिचा चेहरा दिसला होता.

बोस्टनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तिची बोटं काचेवर ठेवायला लावली आणि पडद्याकडे बघत राहिला. एतेल्विनाने कोर्टाचा कागद पर्समध्ये मुठीत धरला होता. शेवटी तो म्हणाला, "वेलकम होम." बाहेर जिल काठीवर टेकून उभा होता.  त्याने तिची बॅग ओढायचा प्रयत्न केला आणि तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

आता लिडियाने चंगच बांधला. पुन्हा असली धाकधूक नको, नागरिकत्वाचा अर्ज आजच भरायचा, म्हणून ती स्वयंपाकघरात कागद पसरून बसली. झुल्मीराही होती, तिला कशातून वगळता येत नाही. नाव, पत्ता, लग्न, सगळं सरळ झालं. मग एक प्रश्न आला: तुम्ही असा एखादा गुन्हा केला आहे का, ज्यासाठी तुम्हाला कधी अटक झाली नाही?

लिडियाने पेन टेबलावर ठेवलं. "मावशी, विचार करून."

"'नाही' लिही आणि सूप वाढ," झुल्मीरा म्हणाली.

एतेल्विनाने चष्मा लावला, कागद जवळ ओढला, खालची मोकळी जागा बोटाने मोजली आणि म्हणाली:

"दोन ओळी? सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला? जोडपत्र मागव."