भरिताची वर्गणी
गॅसवर वांगं भाजायला ठेवलं, की करपलेल्या सालीच्या वासासरशी मला जळगावजवळच्या असोद्याचं मामांचं शेत आठवतं. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरीतून मोकळं व्हायचं म्हणून मी तेव्हा हॉटेल, सिनेमा, सहली, सगळं बंद केलं होतं. हिवाळ्यात त्या शेतात भरीत पार्टी ठरली, तेव्हा वर्गणी वाचवायला मी फोनवर सांगून टाकलं, "मामा, यंदा मला धरू नका. लवकर रिटायर व्हायचंय." पार्टीच्या दिवशी मामा मोटारसायकल घेऊन जळगावला माझ्या दारात हजर. "पोरा, नोकरी गेली तं सांगायचं नं. तुझं भरीत काय आपल्याले जड हाये का?" शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि जो तो माझ्याच पानात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या वाढत होता, एकाने तर केळीच्या बागेची राखण देऊ केली. नोकरी आहे, असं मी शपथेवर सांगितलं, पण नोकरीवाला माणूस भरिताला नाही म्हणतो, हे कुणालाच पटेना. आता माझं रिटायर व्हायचं वय पंचेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर गेलंय, आणि दर हिवाळ्यात वर्गणीचे पहिले पैसे मीच देतो. नाहीतर गावात पुन्हा माझी नोकरी जायची.