तटाबाहेरच्या पाटणकर मॅडम

पाटणकर मॅडमना पाव विकत घेताना पाहणं हा टेक्सासातल्या आमच्या अर्विंगमधला एक फुकट कार्यक्रम होता. दोन हातांत दोन पाव घेऊन त्या डोळे मिटून वजनाचा अंदाज घेत आणि हलका पाव परत ठेवत. "चौदाव्या शतकात असता ना हा बेकर, तर पाव गळ्यात बांधून गावभर फिरवला असता त्याला," असं मोठ्यानं मराठीत सांगत. काउंटरवरची बाई हसून 'हॅव अ नाइस डे' म्हणे.

नागपूरच्या एका कॉलेजात त्या युरोपच्या मध्ययुगाचा इतिहास शिकवायच्या. राजांमध्ये त्यांना रस नव्हता. "राजे येऊन राहिले, जाऊन राहिले. गल्लीतली घाण कोण उपसत होतं, ते सांगा ना!" गटारं, कारागिरांचे संघ, चुली विझवायला सांगणारी रात्रीची घंटा, हा त्यांचा प्रांत. त्यांचे यजमान सुधीरराव सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इकडे आले, तशा त्याही बिनपगारी रजा घेऊन आल्या. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीचा, बायको त्याला जोडलेली. तिला पगार घेऊन काम करायची परवानगी नव्हती. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत असे. संध्याकाळी वरून व्याख्यान ऐकू येई. मॅडम भांडी घासताना शिकवत.

एकदा मी सहज विचारलं, "तेव्हा बायकांना काम करता यायचं का हो?"

"करायच्या की. दुकान नवऱ्याच्या नावावर, राबायचं हिनं. पण नवरा मेला की पुष्कळ गावांत विधवेला दुकान चालवता येई." मग सुधीररावांकडे बघून म्हणाल्या, "इथं तीही सोय नाही. हे गेले तर व्हिसाही जातो."

"म्हणजे माझ्या तब्येतीची काळजी सरकार घेतंय," सुधीरराव म्हणाले.

जवळच्या कम्युनिटी कॉलेजातल्या इतिहासाच्या विभागप्रमुख बाईंनी मॅडमना लायब्ररीत एकदा बोलताना ऐकलं आणि शब्द दिला: कामाची परवानगी येऊ दे, संध्याकाळचा वर्ग तुझा. ती परवानगी ग्रीनकार्डाबरोबर येणार, म्हणून तेव्हापासून मॅडम ग्रीनकार्डाची वाट बघू लागल्या. आमच्या इमारतीत सगळेच बघत होते, पण मॅडमना वाट बघण्याचाही इतिहास ठाऊक होता. "जमीनदाराकडून पळालेला वेठबिगार शहराच्या तटाच्या आत वर्ष आणि एक दिवस टिकला, की मोकळा. बऱ्याच शहरांत हा कायदा होता. त्याआधी मालकानं गाठलं, तर परत शेतावर."

"आणि आपलं?"

"आपल्याला मुदत सांगतच नाहीत. तेवढी सुधारणा झाली."

मग सुधीररावांना प्रमोशन मिळालं. इंजिनियरचे मॅनेजर झाले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष नेनेकाकांनी शाल-श्रीफळ दिलं आणि प्रमोशनपेक्षा मोठं भाषण केलं. "सुधीरनं आपणा सर्वांची मान उंचावली आहे!" मी माझी चाचपून पाहिली, होती तिथंच होती. मॅडम मात्र मनापासून टाळ्या वाजवत होत्या.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या वकिलानं कळवलं, की ग्रीनकार्डाचा अर्ज इंजिनियरच्या जागेसाठी होता. मॅनेजर ही वेगळी जागा. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, एचआरवाले एक शब्द बोलले नाहीत!" सुधीरराव म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं?"

"प्रमोशनला आधी प्रश्न कोण विचारतं?"

खरं होतं. आमच्यापैकी कुणीच विचारला नसता. आमच्यात प्रमोशन नाकारणारा माणूस अजून जन्मायचा होता. मॅडमनी खुर्चीवरची शाल उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "ती शाल मशीनमध्ये टाकू नका. रंग जाईल."

त्यानंतर वरून व्याख्यान ऐकू आलं नाही. नुसतीच भांडी वाजत.

२००८मध्ये कंपनीनं माणसं कमी केली, तेव्हा मॅनेजर आधी गेले. नोकरीबरोबर व्हिसाही जातो, आणि दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही. परतीची तिकिटं काढली. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नागपूरला तुमचं कॉलेज तर आहे."

"रजा केव्हाच संपली हो. माझ्या जागेवर माझीच विद्यार्थिनी आहे. छान शिकवते म्हणे."

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला त्या कम्युनिटी कॉलेजकडे न्यायला सांगितलं. सुट्टी होती. पार्किंगमध्ये आमची एकटीच गाडी, आणि डांबर मऊ पडावं असं ऊन. दारं बंद होती. मॅडम इमारतीच्या कडेनं चालू लागल्या. प्रत्येक खिडकीपाशी थांबायच्या, डोळ्यांभोवती हात धरून काचेला नाक लावायच्या, मग पुढच्या खिडकीकडे जायच्या.

"कुठला वर्ग देणार होते?" मी विचारलं.

"ते कधी विचारलंच नाही मी."

शेवटच्या खिडकीपर्यंत त्या गेल्या. मी एसी चालू ठेवून गाडीत बसलो. परत आल्या, पट्टा लावला, पदरानं कपाळ टिपलं.

"सगळे सारखेच आहेत," म्हणाल्या. "चला."