भिवाने निवडलेले मासे

भिवा कापडाच्या गिरणीत वीस वर्षं राबला, पण विणायच्या साच्यावर एक दिवस उभा राहिला नाही. आडवा धागा फिरवणाऱ्या धोट्यातलं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि महाराच्या उष्ट्या धोट्याला तोंड लावायला खात्यात कोणी तयार नव्हतं. म्हणून त्याला तळ्यावर टाकलं. बॉयलरचं गरम पाणी निवायला परळच्या त्या गिरणीत एक दगडी तळं होतं. त्यातलं शेवाळ काढायचं, जाळी साफ ठेवायची. वरळीच्या बीडीडी चाळीतून तो रोज चालत यायचा.

चोपन्न साली मॅनेजर साहेबांनी जपानहून नवे साचे आणले, आणि त्यांच्याबरोबर बारा मासे. दुधासारख्या अंगावर लाल डाग.

"एक जरी मेला तर तुला घरी बसवीन," साहेब म्हणाले.

साचे बसवायला सातो नावाचा जपानी फिटर आला होता. दुपारच्या सुट्टीत तो तळ्याच्या कठड्यावर येऊन बसे. त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी जयवंत फिटर समजावून सांगायचा. जयवंत मालवणकडचा मराठा, गिरणीत भिवाचा एकुलता एक दोस्त.

"हा म्हणता, हे त्याच्या गावचे मासे. बर्फाचा मुलूख. थंडीत खायला काय नाय, म्हणून भातवाले लोक डबक्यात काळे मासे पाळायचे. त्यात एखाद्याला आपसूक लाल डाग यायचा. तो कापायचा नाय, बाजूला ठेवायचा. असं निवडत निवडत शंभरेक वर्षांत ही नक्षी झाली."

"म्हणजे राजेलोकांचे नव्हेत हे?"

"राजाक काय पडलंय, रे! गरिबांनी केलेत."

ते भिवाच्या मनात घर करून राहिलं. सातो परत जाईपर्यंत त्याने सगळं शिकून घेतलं. काथ्याच्या जुड्या पाण्यात सोडायच्या, त्यांना अंडी चिकटली की लगेच उचलून दुसऱ्या टाकीत न्यायच्या, नाहीतर आईबापच ती खातात. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालायचा. महिन्या-दीड महिन्याने निवड सुरू. शंभरातली पाच ठेवायची, बाकीची बगळ्यांना.

"घरातल्या पोरांना अंडं दिसत नाही, आणि तुमच्या माशांना बलक!" बायको मालन कडाडायची. भिवा ऐकून घ्यायचा आणि अंडं घेऊन जायचा.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई पेटली. भिवा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होता. लाठी मनगटावर बसली ती कायमची, डावा हात पुन्हा सरळ झाला नाही. आठवड्याने कामावर आला तेव्हा साहेब म्हणाले, "मुंबई हवी काय तुम्हाला? आधी तळं साफ कर." त्याच वर्षी डिसेंबरात दादरला त्याने दीक्षा घेतली. मस्टरवर मात्र जात जुनीच राहिली. एका हाताने जाळं ओढत त्याने अठ्ठावन्नची वीण निवडली, आणि त्यातून आठ मासे असे निघाले की जयवंत पाहतच राहिला. एकाच्या तर पाठीवर चार लाल डाग, रांगोळी घातल्यासारखे.

साठ साली महाराष्ट्र झाला. चार वर्षं शिव्या घालणाऱ्या साहेबांनी फेटा बांधून गिरणीत मांडव घातला. आठ मासे काचेच्या पेट्यांत मांडले, वर पाटी: साहेबांनी स्वतः पैदास केलेले. एका पाहुण्याने विचारलं, "हे साधलं कसं?"

"जात शुद्ध ठेवली की झालं," साहेब हसून म्हणाले. "राजघराण्यातले आहेत. रक्त बिघडू दिलं नाही." मग पेटीजवळ उभ्या भिवाला हलक्या आवाजात, "तू मागे जा आता."

मागे म्हणजे झाडूवाल्यांची पंगत, शेडच्या आडोशाला. जयवंतने ते सगळं ऐकलं होतं. भिवाने त्याच्याकडे पाहिलं. जयवंत चुळबुळला, म्हणाला, "आज कशाला वाद, भिवा? चांगला दिवस आहे." आणि फिटरांच्या पंगतीत जाऊन बसला.

त्या दिवसापासून भिवाने निवडणं सोडलं. मोडतोड नाही, विष नाही. जुड्या सोडल्या नाहीत, पिल्लं वेचली नाहीत, आठही मासे तळ्यात सोडून दिले. उठून दिसणारं लाल पिल्लू बगळा आधी टिपायचा, मळकं वाचायचं. जुने डागांचे मासेही घारींनी एकेक करून उचलले. तीन वर्षांत तळं करड्या-काळ्या माशांनी भरलं.

"रंग कुठे गेला?" साहेब ओरडले.

"जात शुद्ध आहे, साहेब. तुमच्याच माशांची पोरं आहेत."

त्याची बदली कचराकापसाच्या खात्यात झाली. त्याला वाटलं होतं, साहेबांचा तोरा उतरवला की जिवाला थंडावा मिळेल. तो मिळाला नाही. साहेबांना वर्षभरात दुसरा शौक लागला. त्या चार डागांच्या माशासाठी जीव तुटला तो भिवाचाच. मालनने एकदा विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझंच होतं ते, मीच घालवलं."

जयवंत पुढेही गेटावर दिसायचा. हाक मारायचा. भिवा कापूस झटकत सरळ चालत जायचा.